लहान घराला जागा ठेवा : वसाहतीच्या समितीवरच्या मराठी मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

टेक्सासमधल्या आपल्या वसाहतीच्या, घरमालकांच्या असोसिएशनचं पाकीट नुकतंच सगळ्यांच्या घरी पोचलं. त्यात एका दुरुस्तीवर मत मागितलं आहे. जे प्लॉट अजून रिकामे आहेत, त्यांवर बांधायच्या घराची किमान मर्यादा २,२०० चौरस फुटांवरून ३,००० चौरस फुटांवर न्यायची, अशी ती दुरुस्ती. कारण एका ओळीत दिलं आहे : वसाहतीचा दर्जा आणि घरांच्या किमती टिकवण्यासाठी. खाली बोर्डाच्या पाच सभासदांच्या सह्या आहेत आणि त्यांतल्या दोन मराठी आहेत. आराखडे मंजूर करणाऱ्या समितीवरही आपली माणसं आहेत. म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे. आणि उघडपणे लिहिते आहे, कारण हा प्रश्न आपल्या एका वसाहतीचा नाही. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को आणि प्रॉस्पर, नॉर्थ कॅरोलायनातलं कॅरी, न्यू जर्सीतली गावं, जिथे जिथे आपण मराठी लोक घरं घेतो, बांधतो आणि पुढे समित्यांवर निवडून येतो, तिथे असा कागद आज ना उद्या कोणाच्या तरी सहीसाठी येणार आहे.

माझी विनंती आधीच सांगते. ही दुरुस्ती मागे घ्या. आणि हा विषय उघडलाच आहे, तर सध्याची २,२०० ची अटसुद्धा खाली आणा.

आमचा स्वतःचा प्लॉट अजून रिकामा आहे. मुलं आपापल्या गावी स्थिरावली, आम्ही दोघंच उरलो, आणि एका मजल्याचं, जिने नसलेलं, दारं रुंद असलेलं सोळाशे फुटांचं घर आम्हाला हवं आहे. म्हणजे माझा यात स्वार्थ आहे. पण आम्ही नाइलाजानं मोठं घर बांधू शकू. ज्यांना ते परवडणारच नाही, अशांसाठी हे पत्र जास्त आहे.

भारतात राहून हे वाचणाऱ्यांना थोडं समजावून सांगायला हवं. इथे शहराबाहेरची शेतजमीन कोणी डेव्हलपर विकत घेतो, तिचे प्लॉट पाडतो, आणि एकही प्लॉट विकण्याआधी काउंटी क्लर्कच्या कचेरीत एक दस्त नोंदवतो. त्याला कॉव्हेनंट म्हणतात, टेक्सासमध्ये बोलताना 'डीड रिस्ट्रिक्शन्स'. हा दस्त जमिनीला चिकटलेला असतो. प्लॉट कितीही वेळा विकला गेला तरी अटी नव्या मालकाच्या गळ्यात पडतात, त्यानं वाचल्या असोत वा नसोत. घर किती फुटांचं हवं, दर्शनी भाग किती टक्के विटांचा हवा, छपराला उतार किती, कुंपण कशाचं, गराजचं तोंड कुठे, सगळं त्यात असतं. किमान क्षेत्रफळ मोजताना गराज, पोर्च, पडवी धरत नाहीत. फक्त एसी आणि हीटर चालतो ती जागा मोजतात. म्हणजे ३,००० फूट हा राहत्या जागेचा आकडा आहे. प्लॉट घेताना मालकी हक्क तपासणारी टायटल कंपनी हा सगळा गठ्ठा हातात देते आणि सह्यांच्या घाईत तो कोणी वाचत नाही.

मी कॉव्हेनंटच्या विरुद्ध नाही. ह्यूस्टनसारख्या महानगरात झोनिंगच नाही, म्हणजे कोणत्या भागात काय बांधायचं हे ठरवणारे शहराचे नियमच नाहीत. तिथल्या मतदारांनी ते १९४८, १९६२ आणि १९९३ मध्ये तीनदा नाकारलं. तिथे राहत्या गल्लीत गोदाम येऊ नये ही काळजी कित्येक भागांत या दस्तांवरच सोपवलेली आहे आणि शहराचं विधी खातं स्वतः त्यांची अंमलबजावणी करतं. पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाऊ नये, रस्त्यापासून ठरावीक अंतर सोडावं, मोडक्या गाड्या समोर उभ्या करू नयेत, या अटी मला मान्य आहेत. त्यातली प्रत्येक अट कोणाला तरी होणारा त्रास थांबवते. माझ्या घरात शेजाऱ्यापेक्षा एक खोली कमी असली, तर शेजाऱ्याला कसला त्रास होतो?

आता हिशेब मांडू. आमच्या भागात साध्या पण नेटक्या बांधकामाला चौरस फुटाला १६० डॉलरच्या खाली कोणी बिल्डर बोलत नाही. २,२०० आणि ३,००० मध्ये ८०० फुटांचा फरक. म्हणजे १,२८,००० डॉलर, तेही जमिनीची किंमत वेगळी. साडेसहा टक्के व्याजानं तीस वर्षांचं कर्ज काढलं तर या ८०० फुटांचा हप्ता महिन्याला आठशे डॉलरच्या आसपास जातो. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, त्याची भरपाई मालमत्ता करातून होते. नव्या उपनगरांत तो घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आगेमागे असतो, म्हणजे वर्षाला आणखी अडीच हजार. जुलै-ऑगस्टमध्ये पारा शंभर फॅरनहाइटच्या वर असताना त्या रिकाम्या खोल्या थंड करण्याचं बिल वेगळं, गारपिटीनं बसणारा विम्याचा हप्ता वेगळा. एवढं सगळं कशासाठी? कोणी झोपणार नाही अशा दोन बेडरूम आणि कोणी बसणार नाही अशी एक फॉर्मल डायनिंग यांच्यासाठी.

ज्यांची घरं बांधून झाली आहेत, त्यांना या दुरुस्तीची कसलीच झळ नाही. मत मात्र त्यांचं आहे आणि संख्याही त्यांची जास्त आहे. टेक्सासच्या कायद्यानुसार असा दस्त बदलायला साधारणपणे एकूण मतांपैकी ६७ टक्के मतं लागतात. रिकाम्या प्लॉटचे आम्ही मालक सगळे मिळूनही एक तृतीयांश होत नाही. आमच्या जमिनीवर काय बांधायचं, हे आमच्याशिवाय ठरू शकतं. समितीतल्या मंडळींनी एवढी एक गोष्ट मनात धरून पुढचं वाचावं.

रिकाम्या प्लॉटची मालक असलेली ही माणसं कोण आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. गणपतीला आरतीला येणारी, मुलांच्या मराठी शाळेत शिकवणारी ही माणसं आहेत. एक बाई काउंटीच्या रुग्णालयात रात्रपाळीची नर्स आहे. घटस्फोटानंतर मुलीला घेऊन याच शाळांच्या हद्दीत राहायचं, म्हणून तिनं प्लॉट घेऊन ठेवला. एक जोडपं निवृत्तीला आलं आहे. एका तरुण मुलानं आई-वडिलांच्या घराजवळ राहायचं म्हणून शेवटचा कोपऱ्यातला प्लॉट घेतला, त्याला दोन खोल्या आणि एक काम करायची जागा पुरे आहे. यांतल्या कोणाचंही १,४०० किंवा १,६०० फुटांचं घर आपल्या रस्त्यावर उभं राहिलं, तर आपलं काय बिघडणार?

लहान घर ही अमेरिकेला नवी किंवा परकी गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाउन उभं राहिलं. १९४७ मध्ये तिथली पहिली घरं ७५० चौरस फुटांची होती, आणि त्यांत परतलेल्या सैनिकांनी दोन-दोन, तीन-तीन मुलं वाढवली. १९६० मध्ये अमेरिकेत सरासरी कुटुंब सव्वातीन माणसांच्या वर होतं, आता ते अडीच माणसांवर आलं आहे. घरं मात्र उलट दिशेनं गेली. १९७३ मध्ये नव्या घराचं मध्यम क्षेत्रफळ दीड हजार चौरस फुटांच्या जवळपास होतं, २०१५ पर्यंत ते अडीच हजाराला टेकलं. माणसं कमी झाली आणि खोल्या वाढल्या. यात हौसेचा भाग आहेच, आणि ज्याला हौस आहे त्यानं खुशाल बांधावं. पण लहान घर बांधायला कायदेशीर जागाच उरली नाही, हाही त्यातला मोठा भाग आहे.

घर किती लहान असलं तर आरोग्याला धोका, याचं उत्तर बांधकामाच्या नियमावलीनं देऊन ठेवलं आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लागू असलेली निवासी बांधकामाची संहिता म्हणते, राहत्या खोलीला किमान ७० चौरस फूट हवेत. पूर्वी घरात निदान एक खोली १२० फुटांची हवी अशी अट होती, ती २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली. २०१८ च्या आवृत्तीत तर ४०० फुटांपर्यंतच्या घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं. आग, हवा, उजेड, जिना, सगळ्याचा विचार करून अभियंत्यांनी हे आकडे ठरवले आहेत. आपले ३,००० कोणत्या विचारातून आले? पाकिटातल्या त्या एका ओळीपलीकडे मला काही सापडलं नाही.

म्हणून या अटीचं मूळ शोधायला गेले. जे सापडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

१९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं केंटकीतल्या लुइव्हिल शहराचा एक नियम रद्द केला. गोऱ्यांच्या वस्तीत काळ्यांनी राहायचं नाही आणि काळ्यांच्या वस्तीत गोऱ्यांनी, असा तो नियम होता. शहराला हे करता येणार नाही म्हटल्यावर तेच काम खासगी दस्तांकडे गेलं. वसाहती पाडणारे आधीपासूनच असे दस्त करत होते, आता त्यांचा धडाका लागला. कॅन्सस सिटीत जे. सी. निकोल्स या विकासकानं कंट्री क्लब डिस्ट्रिक्ट नावाची मोठी वसाहत उभारली. घर अमुक डॉलरपेक्षा कमी खर्चाचं बांधायचं नाही, ही अट त्याच्या दस्तांत होती आणि काळ्या लोकांना घर विकायचं नाही हीसुद्धा होती. मुदत संपली की दस्त आपोआप पुढे चालू राहील, अशी तजवीज त्यानं करून ठेवली. पुढे देशभर याची नक्कल झाली. २०२० मध्ये कॅन्सस सिटीनं तिथल्या कारंज्यावरचं आणि रस्त्यावरचं निकोल्सचं नाव काढलं.

मग सरकारच यात उतरलं. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन सुरू झालं. घरकर्जांना सरकारी हमी देणारी ही संस्था. कोणत्या वस्तीतलं कर्ज सुरक्षित धरायचं, हे अधिकाऱ्यांना सांगणारी तिची एक पुस्तिका होती. १९३८ च्या आवृत्तीत, चांगल्या वसाहतीच्या दस्तात कोणत्या अटी असाव्यात याची यादी आहे. प्लॉटचे पुन्हा तुकडे करू नयेत. एका प्लॉटवर एकापेक्षा जास्त घर नको. आराखडे समितीनं मंजूर करावेत, आणि खर्चाची किंवा तळमजल्याच्या चौरस फुटांची किमान मर्यादा ठेवावी. डुकरांचे गोठे, तात्पुरती घरं नकोत. आणि त्याच्याच खालच्या कलमात, ज्या वंशासाठी ही वस्ती आहे त्याखेरीज दुसऱ्या कोणी तिथे राहू नये.

ही सगळी कलमं एकाच यादीत, एकाखाली एक आहेत. आपला दस्त उघडून शेजारी ठेवा. प्लॉटचे तुकडे नाहीत, एका प्लॉटवर एकच घर, समितीची मंजुरी, चौरस फुटांची किमान मर्यादा. वंशाचं कलम तेवढं नाही. बाकी यादी जवळजवळ तशीच आपल्या हातात आली आहे.

ते एक कलम कसं गेलं? सेंट लुइसमध्ये शेली नावाच्या काळ्या कुटुंबानं १९४५ मध्ये लॅबडी अॅव्हेन्यूवर घर घेतलं. त्या गल्लीवर १९११ पासून पन्नास वर्षांचा दस्त होता : निग्रो किंवा मंगोलियन वंशाच्या माणसांना इथे राहता येणार नाही. शेजाऱ्यांनी दावा लावला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की असा दस्त लोकांनी आपापसांत केला तरी न्यायालयं तो अमलात आणणार नाहीत. पुढे १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानं घराच्या व्यवहारातला वंशभेदच बेकायदा ठरवला. डॉलरच्या आणि चौरस फुटांच्या अटींना मात्र कोणी हात लावला नाही. डॉलरची अट महागाईनं आपोआप निकामी केली. १९२५ सालच्या पाच हजार डॉलरांनी आज कोणालाही अडवता येत नाही. चौरस फुटांवर महागाईचा परिणाम होत नाही, म्हणून ती अट टिकली.

मी तुम्हाला वंशद्वेषी म्हणत नाही, हे मनापासून सांगते. पाकिटावर सह्या करणाऱ्यांच्या घरी मी जेवले आहे. कोणाच्याही मनात तसं काही नाही. पण अट कोणाच्या मनात काय आहे ते बघत नाही, ती आपलं काम करत राहते. ठरावीक उत्पन्नाच्या खालच्या माणसाला दाराबाहेर ठेवणं हेच तिचं काम होतं आणि आजही आहे.

शिवाय त्या काळात आपण कुठे असतो, हेही पाहा. भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. त्या निकालानंतर ज्यांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं, त्यांत पेशावरहून आलेले वैष्णो दास बगाई होते. बगाई कुटुंबानं कॅलिफोर्नियात बर्कलीला घर घेतलं, सामान घेऊन ते दारात पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं घालून ठेवली होती. त्यांना आत जाताच आलं नाही. नागरिकत्व गेल्यानंतर १९२८ मध्ये वैष्णो दास यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी कला बगाई यांचं नाव आज बर्कलीत एका रस्त्याला आहे. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला तो १९४६ मध्ये. म्हणजे १९३८ ची ती यादी लिहिली गेली तेव्हा आपण वंशाच्या कलमानं बाहेर असतो, आणि त्यातून कोणी सुटलाच असता तर चौरस फुटांच्या कलमानं अडला असता. आज आपण आत आहोत आणि दाराशी उभं राहून आकडा वाढवतो आहोत. मला हे सहन होत नाही.

आपल्या मुलखात किमान आकाराचा अर्थ नेमका उलटा आहे. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात माणसाला निदान २२५ फुटांचं घर मिळालंच पाहिजे, असं ठरलं. मग ते २६९ झालं, मग ३००. बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्यांना पुनर्विकासात ५०० फूट द्यायचं ठरलं. त्या आकड्यांबद्दल वाद खूप आहेत आणि बिल्डरांचे डावही आहेत. पण तिथे किमान म्हणजे गरिबाला द्यायचं देणं. याच्याखाली कोणी त्याला ढकलू नये, म्हणून. आपल्यापैकी किती जणांचे आई-वडील गिरगाव, परळ, लालबागच्या अशा खोल्यांतून आले! इथे तोच शब्द आपण गरीब माणूस आत येऊ नये म्हणून वापरतो आहोत.

काहींना वाटेल, कायद्याला चालतं ना, मग झालं. कायद्याचं म्हणणं तेवढं सोपं नाही. न्यू जर्सीतल्या वेन गावानं लहान घरांवर बंदी घातली होती, एकमजली घर ७६८ फुटांच्या खाली नको. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती मान्य केली, आणि त्यावर विधिज्ञांनी कडाडून टीका केली. १९७९ मध्ये त्याच न्यायालयानं बर्लिन गावाच्या खटल्यात आपली भूमिका बदलली : घरात किती माणसं राहणार याच्याशी संबंध नसलेली किमान क्षेत्रफळाची अट आरोग्याच्या नावाखाली लादता येणार नाही. कनेक्टिकटमध्ये ईस्ट हॅम्प्टन गावाची १,३०० फुटांची अट १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. पण हे सगळे निकाल गावांच्या नियमांबद्दल होते. खासगी दस्ताकडे न्यायालयं करार म्हणून बघतात, त्याला ही कसोटी लागत नाही. टेक्सासनं २०१९ मध्ये शहरांना विटा-दगडांची सक्ती करायला मनाई केली, २०२५ मध्ये मोठ्या शहरांना नव्या वसाहतींत तीन हजार फुटांपेक्षा मोठ्या प्लॉटची सक्ती करायला मनाई केली. दोन्ही वेळा असोसिएशनच्या दस्तांना या मनाईतून वगळलं. म्हणजे जे एखाद्या गावाच्या परिषदेला आज करता येत नाही, ते आपण पाच माणसांच्या बोर्डानं आणि टपालानं आलेल्या मतांनी करू शकतो. न्यायाधीश आपल्याला थांबवणार नाही. मग थांबायचं की नाही, हे आपल्यालाच ठरवावं लागणार.

घरांच्या किमतींचा मुद्दा मी हलका मानत नाही. अनेकांची आयुष्यभराची पुंजी त्या चार भिंतींत आहे, आणि त्यांनी या दस्ताच्या भरवशावर ती घातली आहे. पण कर्ज देताना घराची किंमत ठरवणारा अप्रेझर तुमच्या घराची तुलना त्याच्यासारख्याच आकाराच्या, अलीकडे विकल्या गेलेल्या घरांशी करतो. शेजारच्या १,५०० फुटांच्या घरावरून तुमच्या साडेतीन हजार फुटांच्या घराचा भाव ठरत नाही. किंमत खरोखर पडते ती न राखलेल्या घरामुळे, तुंबलेल्या गटारामुळे, आणि वर्षानुवर्षं तण माजलेल्या रिकाम्या प्लॉटमुळे. आपले प्लॉट रिकामे का राहिलेत, याचा समितीनं विचार केला आहे का? काहींचे मालक बांधू शकत नाहीत म्हणून. अट वाढवली की ते आणखी रिकामे राहतील, आणि मग एखादा मोठा बिल्डर ते स्वस्तात उचलून सगळीकडे एकच साचा ओतेल.

आणखी एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरातली आहे. 'एका प्लॉटवर एकच घर' या कलमामुळे आपले आई-वडील आले की त्यांना वरच्या मजल्यावरची मुलांची खोली मिळते. गुडघ्यांनी जिना चढायचा, आणि सकाळी सातला घर रिकामं झाल्यावर दिवसभर खिडकीतून रस्ता बघायचा. अंगणात मागच्या बाजूला सहाशे फुटांचं, स्वतःचं स्वयंपाकघर असलेलं छोटं घर बांधता आलं असतं, तर कित्येक आई-बाबा सहा महिन्यांऐवजी कायमचे राहायला आले असते. कॅलिफोर्नियात २०२० पासून, एका कुटुंबाच्या घरांच्या प्लॉटवर अशा जोडघराला पूर्ण बंदी करणारं कॉव्हेनंटचं कलम कायद्यानंच निरर्थक ठरतं. टेक्सासमध्ये तसा कायदा नाही, पण आपला दस्त आपण बदलू शकतो. मतपत्रिका छापायचीच होती, तर हे कलम बदलायला छापायची होती.

तर माझ्या मागण्या. ३,००० ची दुरुस्ती मागे घ्या. राहत्या जागेची किमान मर्यादा १,२०० वर आणा, किंवा मर्यादाच काढून बांधकामाच्या संहितेवर सोपवा. जे दिसतं आणि शेजाऱ्याला लागतं, त्यावर हवे तेवढे कडक नियम करा : पाया, पाण्याचा निचरा, छप्पर, बाहेरच्या भिंतींचा टिकाऊपणा, झाडं, बांधकाम किती महिन्यांत पुरं करायचं. हजार फुटांचं घर सुंदर असू शकतं आणि पाच हजारांचं भिकार, हे आराखडे तपासणाऱ्यांनी तरी पाहिलं असेल. मागच्या अंगणात एक लहान जोडघर चालेल असं कलम घाला. आणि कोणाचा आराखडा नाकारलात, तर कारण स्पष्ट लिहून द्या आणि त्याला सुनावणी मागता येते हे त्याच पत्रात सांगा. चाळीसपेक्षा जास्त प्लॉटच्या वसाहतींसाठी टेक्सासच्या कायद्यात हे आहेच, बोर्डाचा सभासद किंवा त्याचा जोडीदार आराखड्यांच्या समितीवर बसू शकत नाही, हेही आहे. आपल्याकडे ते काटेकोर पाळलं जावं.

बाकीच्या सभासदांनाही सांगते, तुम्ही आत्ता मत दिलं नाही तरी काही हरकत नाही असं समजू नका. ६७ टक्के गाठायला प्रतिनिधिपत्रं, म्हणजे आपलं मत दुसऱ्यानं द्यावं अशी सहीची पत्रं, गोळा केली जातात. कोणी दारात येऊन 'फक्त सही हवी' म्हटलं, तर आधी पूर्ण मजकूर मागून घ्या.

मी माझी मतपत्रिका विरोधाची खूण करून पाठवून दिली आहे. मतमोजणीच्या आधी क्लबहाउसमध्ये सगळ्यांची एक सभा घ्या. रिकाम्या प्लॉटच्या मालकांना पत्र टाकून बोलवा, त्यांतले बरेच इथे राहत नाहीत, त्यांना फोनवरून जोडून घ्या. सभेची तारीख कळवलीत तर १९३८ च्या त्या यादीच्या आणि आपल्या दस्ताच्या प्रती सगळ्यांना पुरतील एवढ्या मी काढून आणते.

आपली,
वसाहतीतली एक प्लॉटधारक